पावणेचार इंचांचे शूरवीर

अमेरिकेत १९६४ साली ‘जी. आय. जो’ हा खेळण्यातला सैनिक दुकानात आला, तेव्हा त्याला बाहुली म्हणायची हॅस्ब्रो कंपनीची हिंमत नव्हती. मुलगे बाहुल्या खेळत नाहीत, ही त्या काळची पक्की समजूत. म्हणून ‘ॲक्शन फिगर’ हे नवं नाव आलं. उंची फूटभर, हलणारे सांधे, गालावर जखमेचा व्रण. ज्यांचे वडील-काका दुसऱ्या महायुद्धात लढले होते, ती मुलं या जवानाला सैनिकी गणवेश चढवत.

मग व्हिएतनामचं युद्ध लोकांना नकोसं झालं. हॅस्ब्रोनं १९७० मध्ये त्याची वर्दी उतरवून त्याला साहसवीर केलं. पुढं तेलटंचाईत प्लास्टिक महागलं आणि दशक संपायच्या आत फूटभर उंचीचा जो बंद पडला.

पुढच्या पिढीचा वीर खिशात मावणारा होता. मे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा झळकला, पण खेळण्यांचे हक्क घेतलेल्या केनर कंपनीचा माल तयारच नव्हता. नाताळात तिनं चक्क खेळण्याविना पाकिटं विकली. आतलं प्रमाणपत्र भरून पाठवायचं, मग १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्युबॅका आणि आर-टू-डी-टू ही सिनेमातली पात्रं टपालानं घरी येणार. मुलांनी वाट पाहिली! घरात व्हिडिओ क्वचितच असे. सिनेमा पुन्हा अनुभवायचा तर तो स्वतःच फरशीवर मांडावा लागे. त्या वयाच्या माणसांच्या आठवणीत सिनेमा आणि खेळणं आजही एकमेकांत मिसळलेली आहेत, ते यामुळेच.

१९८२ मध्ये मॅटेलचा पिळदार ही-मॅन आला. त्याच वर्षी जो पावणेचार इंचांचा होऊन परतला. पाकिटाच्या मागं प्रत्येक पात्राची माहिती छापलेली असे. ती लॅरी हामा हे लेखक लिहायचे, आणि मुलं ती कापून जपून ठेवत. आता गोष्ट टीव्हीवरच्या कार्टूनमधून यायची. ही मालिका की अर्ध्या तासाची जाहिरात, असा वाद तेव्हा झाला आणि तो रास्तच होता. तरी मुलांनी त्या गोष्टी मोडून स्वतःच्या रचल्या, हेही खरं.

भारतात हे जवान फनस्कूलनं काढले. गोव्यात कारखाना असलेल्या या कंपनीच्या जोंचे रंग कधीकधी अमेरिकी जोंपेक्षा वेगळे असत. त्यामुळंच परदेशी संग्राहक आज ते शोधतात.

बाजार मात्र न खेळलेल्या खेळण्याला मान देतो. जोचा पहिला नमुना २००३ मध्ये दोन लाख डॉलरला विकला गेला. पण कमरेतलं रबर तुटून दोन तुकडे झालेला, अंगठा मोडलेला जो बालपणाबद्दल कितीतरी अधिक सांगतो. तसा एखादा तुमच्या माळ्यावर असेल तर भंगारात देऊ नका. ते रबर आजही मिळतं. बदला, आणि घरातल्या पोराच्या हातात द्या.