लालबागेतील बदलीवर आलेली झाडे

बेंगळुरूला पोस्टिंग झाली की २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या सुमारास कुटुंबाला लालबागेतले पुष्पप्रदर्शन दाखवावेच लागते. माझे सांगणे एवढेच, की पुन्हा एकदा गर्दी नसताना जा आणि फक्त झाडे बघा.

ही बाग १७६० मध्ये हैदर अलीने सुरू केली. टिपूने देशोदेशीची रोपे आणून ती वाढवली. आज तिचा विस्तार २४० एकर आहे. आपल्या छावण्यांत झाडाशेजारच्या पाटीवर ते लावणाऱ्या साहेबांचे नाव, हुद्दा आणि तारीख असते. झाडाचे नाव नसते. इथे उलट आहे. अनेक खोडांवर झाडाचे नाव सापडते, लावणाऱ्याचे शोधावे लागते.

मी शोधत गेलो तेव्हा गुस्ताव क्रुम्बिगेल भेटले. जन्म १८६५, जर्मनीत ड्रेस्डेनजवळ. लंडनच्या क्यू उद्यानात काम करून १८९३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत बडोद्याला आले. १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्यांना लालबागेवर नेमले आणि १९३२ पर्यंत ते तिथे होते.

शहरातल्या रस्त्यांसाठी त्यांनी झाडे निवडली ती बहराचा क्रम लावून. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, म्हणजे गार्ड बदलताना चौकी रिकामी राहू नये तसे. वसंतात टॅबेबुइया आणि नीलमोहर, मग उन्हाळ्यात गुलमोहर. पहिले दोघे अमेरिका खंडातले, गुलमोहर मादागास्करचा. सावली धरणारा रेन ट्रीसुद्धा अमेरिकेचाच. बेंगळुरूची ओळख झालेली ही झाडे मूळची इथली नाहीतच. आपल्यासारखीच बदलीवर आली. फरक इतकाच, की त्यांना परतीचा मूव्हमेंट ऑर्डर कधी मिळाला नाही.

क्रुम्बिगेलनाही परत जायचे नव्हते. तरी महायुद्धाच्या काळात, जर्मन म्हणून, ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. युद्धात शत्रुराष्ट्राच्या नागरिकांवर नजर ठेवावी लागते, हे मी गणवेशातला माणूस म्हणून जाणतो. पण त्या यादीत माणसाचा पासपोर्ट दिसतो, त्याने आयुष्यभर केलेले काम दिसत नाही. त्यांनी निवडलेली झाडे मात्र त्या वर्षीही वेळेवर फुलली असणार.

सुटकेनंतर ते बेंगळुरूतच राहिले. १९५६ मध्ये वारले. त्यांची कबर होसूर रस्त्यावरच्या दफनभूमीत आहे.