तोंडी हुकूम

गेल्या रविवारी मल्लेश्वरमातील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही पाचसहा मराठी मंडळी जमलो होतो. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. यजमानांनी ‘द माल्टीज फाल्कन’ हा १९४१ सालचा अमेरिकन रहस्यपट लावला. काळोख्या खोल्या, दाट सावल्या आणि प्रत्येकाच्या पोटात काही तरी दडलेले! अशा कृष्णधवल पटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली ‘काळे चित्रपट’ असे नाव दिले. पट संपल्यावर कोणी तरी म्हणाले, “असली प्रकरणे आपल्याकडे कुठली?” मी बावला खून खटल्याचे नाव काढले मात्र, आमच्यातले इंदूरकडचे एक वयोवृद्ध गृहस्थ एकदम गप्प झाले.

ते प्रकरण १९२५ सालचे. मुमताज बेगम ही इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या पदरची नर्तकी. प्रवासात असताना दिल्लीला तिने पुढे जाण्याचे नाकारले आणि दरबाराशी संबंध तोडला. पुढे ती मुंबईस अब्दुल कादर बावला या धनिक तरुण व्यापाऱ्याच्या आश्रयास आली. १२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी दोघे मलबार हिलवर मोटारीतून फिरावयास गेले असता दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने त्यांना गाठले. बावलावर गोळ्या झाडण्यात आल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले आणि तिला ओढून नेण्याचा प्रयत्न झाला. योगायोग असा, की गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी त्याच क्षणी तेथे पोहोचले. त्यांच्यापैकी एकाने हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना तोंड दिले. मुमताज वाचली, बावला मात्र दगावला.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे खटला चालला. आरोपी नऊ. त्यांत इंदूर दरबारच्या चाकरीतली माणसे होती आणि फणसे, पोंडे, दिघे अशी आपल्या ओळखीची आडनावेही होती. सरदार फणसे यांचे वकीलपत्र बॅरिस्टर जिनांकडे होते. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. हल्ल्याची सूत्रे इंदुरातून हलली असावीत, असे न्यायालयाने सूचित केले. परंतु ती कोणाच्या हाती होती, हे सिद्ध करण्याचा प्रसंग त्या खटल्यात आलाच नाही. ब्रिटिश सरकारने महाराजांपुढे दोन मार्ग ठेवले : चौकशी आयोगास सामोरे जावे, नाही तर गादी सोडावी. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी राज्यत्याग केला. चौकशी झाली नाही.

लोकांचे कुतूहल मात्र थांबले नव्हते. १९२५ सालीच कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा मूकपट याच प्रकरणावर काढला. अमेरिकेतील ते ‘काळे चित्रपट’ निघण्यास अजून पंधरा वर्षे अवकाश होता! मूकपटांच्या बहुसंख्य प्रती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. उरला तो न्यायालयाचा कागद.

आणि कागद हाच आम्हा कारकुनांचा विषय. रहस्यपटात शेवटी कोणी तरी दिवा लावतो आणि गुन्हेगाराचा चेहरा उजळतो. येथे दिवा चाकरांच्या चेहऱ्यांपर्यंत पोहोचला आणि तेथेच थबकला. ज्यांनी काम केले त्यांची नावे निकालपत्रात आहेत. हुकूम कोणी दिला असेल, तर तो कोठेही लिहिलेला नाही. वरिष्ठांचा तोंडी शब्द कागदावर घेतल्याशिवाय अंमलात आणू नये, असे आपण नव्या उमेदवारांना शिकवितो. त्या रुक्ष नियमामागे केवढी भीती दडलेली आहे, हे मला त्या दिवशी जाणवले.

निघताना ते गृहस्थ पायऱ्यांवर थांबले. म्हणाले, “माझे आजोबा दरबारच्या नोकरीत होते. त्या खटल्याविषयी घरात बोलण्याची बंदी होती. आजोबा एवढेच म्हणत, हुकुमाला ‘का’ विचारायचे नसते.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “त्या साऱ्या प्रकरणात ‘नाही’ म्हणणारी ती एकटी बाईच निघाली.”

आम्ही छत्र्या उघडल्या. कोणीच काही बोलले नाही.