दिलमुनचे सर्पवाडगे आणि आपण

बहरीनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आपण मुलाबाळांसह जातो, तेव्हा मातीच्या काही साध्या वाडग्यांपाशी अवश्य थांबावे. १९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब व जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकाला ते कलअत अल-बहरीन येथील प्रासादाच्या जमिनीखाली सापडले. बहुतेकांत सापाचा सांगाडा होता, काहींत एखादा मोती. गिल्गमेशच्या कथेत साप संजीवन वनस्पती पळवतो. बिबी यांनी या विधीचा संबंध त्या कथेशी जोडला.

धम्मदीक्षेसाठी नागपूरची निवड सांगताना बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागलोकांचे स्मरण केले होते. त्यामुळे हे वाडगेही आपल्याच पूर्वजांचे मानण्याचा मोह होतो. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे, आणि पारखल्याविना काही स्वीकारू नये, ही तथागतांची शिकवण आहे.

आपले नाते निराळे आहे. आली गावात सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या दफनटेकड्यांलगत कुंभार आजही चाक फिरवतात. प्रासादाखालचे वाडगे घडविणाऱ्यांची नावे मात्र कोणी नोंदवली नाहीत. श्रमणाऱ्यांना इतिहास कसा विसरतो, हे आपण जाणतो. म्हणून मुलांना विधीची कथा सांगण्यापूर्वी त्या अनाम हातांविषयी सांगू या.

जय भीम!