बारा मैलांची रेघ

आपल्या सातारा-सांगलीला समुद्र नाही, पण कुंभार्ली घाट चढून सुकट, बोंबील, सुका बांगडा आपल्या आठवडी बाजारात येतोच. घरात भाजी नसेल त्या दिवशी त्याचंच कालवण. हा बांगडा समुद्रात असतो तेव्हा त्यावर कायदा कुणाचा, राज्याचा की केंद्राचा, त्याची ही गोष्ट.

१९५० साली राज्यघटना लागू झाली. मासेमारी राज्यांकडे आली, पण देशाच्या सागरी हद्दीपलीकडची मासेमारी केंद्राकडे राहिली. तेव्हा इतक्या लांब जाणारे होते तरी किती? पुढे १९७६च्या कायद्यात ही हद्द बारा सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर धरली. त्यापुढे २०० मैलांपर्यंतची मासळीही भारताचीच, पण कारभार केंद्राचा. शेताच्या बांधासारखीच ही रेघ, फक्त पाण्यात दिसत नाही. आणि मासा कुठला बांध मानतो!

दरम्यान इंजिनाच्या मोठ्या बोटी आल्या, लहान मच्छीमारांशी भांडणं सुरू झाली. महाराष्ट्राने १९८१ साली स्वतःचा कायदा केला. नियम मोडणाऱ्या बोटीचा खटला कुणापुढे चाले? तहसीलदारांपुढे! सातबारा, दाखले आणि वर समुद्र.

खरा वाद पेटला तो पर्ससीन जाळ्यावरून. बटव्यासारखं हे जाळं, बांगड्याच्या थव्याला वेढा घालून खालून दोरी आवळायची. सिंधुदुर्गात रापण ओढणारे किनाऱ्यावर सगळे मिळून ओढतात, वाटणी करतात. थवा बाहेरच उचलला गेला, तर रापणीला काय येणार? आणि ती मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकांच्या पाटीत काय पडणार?

२०१६ साली राज्याने पर्ससीनवर कडक बंधनं घातली. त्यावर उत्तर आलं, आम्ही बारा मैलांबाहेर मासे धरतो, तिथं राज्याचा कायदा चालत नाही. बंदरात आलेला बांगडा रेघेच्या आतला की बाहेरचा, हे ओळखायचं कसं? दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडायला मात्र २०१७ साली केंद्रानेही बंदी केली. २०२१ साली राज्याने दंड वाढवले आणि खटले तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे नेले.

तमिळनाडूने तर पर्ससीनवर बंदीच घातली होती. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन बारा मैलांबाहेर आठवड्यातून दोन दिवस परवानगी दिली. मला विचाराल तर बोट सुटते राज्याच्या बंदरातून, परत येते तिथंच, मग मधे नियम बदलावा कशाला?

एका गोष्टीत मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना एकमत आहे. जून-जुलैत, मासे अंडी घालतात त्या दिवसांत, यांत्रिक बोटींना आतही बंदी आणि बाहेरही. म्हणून सुक्या मासळीची बेगमी मे महिन्यातच करून ठेवा.