लिएज चाचणी-ठसे

बेल्जियममधील लिएज शहराच्या चाचणीगृहात बंदुकीची नळी स्फोटाचा दाब सोसते हे पाहून तिच्यावर उमटवलेल्या अधिकृत खुणा. चाचणीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात, नळी फुटली वा फुगली नाही, तरच ठसा मिळतो [→ बंदूक, बंदुकीची दारू].

लिएजच्या प्रिन्स-बिशपने 1672 मध्ये चाचणीचा हुकूम काढला. फ्रेंच अमलात नेपोलियनच्या 1810 च्या फर्मानाने तिला नवी चौकट दिली. पुढे बेल्जियमने 1888 मध्ये स्वतंत्र कायदा केला.

लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही अक्षरे व खाली तारा, हा मुख्य ठसा. 1893 पासून त्यावर मुकुट आला. त्यामुळे मुकुटरहित ठसा त्याआधीचा मानतात. तपासनिसाची खूण असलेल्या अक्षरावरील मुकुट मात्र निराळा : तो 1853 ते 1877 या काळातला असून नंतर त्याची जागा ताऱ्याने घेतली. हे दोन मुकुट एक समजल्यास कालनिर्णय काही दशकांनी चुकतो. वर्षदर्शक अक्षरे 1922 पासून आढळतात. दुनळी बंदुकीचे ठसे बहुधा नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतात व नळ्या उतरवल्यावरच दिसतात. रिव्हॉल्व्हरचे फिरत्या नळकांड्यावर [→ रिव्हॉल्व्हर].

लिएजच्या अनेक बंदुका कारागिराच्या नावाविना निर्यात होत आणि त्यांवर परदेशी विक्रेत्याचे नाव कोरले जाई. न्यूयॉर्कची एच. अँड डी. फॉल्सम ही पेढी असा माल आयात करी. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे नाव वेस्टली रिचर्ड्स या इंग्लिश पेढीची आठवण देते, पण ते बेल्जियन बंदुकांवरही सापडते. म्हणून उत्पादनस्थळ ठरवताना कोरलेल्या नावापेक्षा ठसा अधिक विश्वसनीय ठरतो.