गव्हले, सरगुंडे आणि नागली : आकारांच्या इतिहासाविषयी

पास्ता हा शब्द मराठीत अलीकडे रुळला. वस्तू मात्र आपल्याला नवी नाही. रवा वा कणीक भिजवून तिला आकार द्यावा, वाळवावे आणि पुढे शिजवून खावे, ही रीत आपल्याकडेही जुनीच. लग्नघरी होणारे गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे हे याच कुळातले. गव्हला गव्हाच्या दाण्यासारखा, नखुला नखासारखा. इटलीतही लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा आणि ऑरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान.

आकारावरून उपयोग ठरतो. गव्हले बारीक, म्हणून ते दुधात शिजवून त्यांची खीर करतात. काडीवर गुंडाळून केलेले सरगुंडे पोकळ. विदर्भात ते आमरसाबरोबर खातात, कारण रस त्यांच्या आत शिरतो. शेवई ओढली जाते ती गव्हातील ग्लूटेनच्या चिवटपणामुळे. इटालियन पास्त्याचा ड्यूरम आणि आपला बन्सी गहू तर एकाच जातीचे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर मात्र ही परंपरा अडते. येथील पिके भात, नागली आणि वरई. नागलीत ग्लूटेन नाही. तिच्या पिठाची तार ओढता येत नाही. कोकणाने तांदळाची हीच अडचण उकड काढून, ती साच्यातून दाबून सोडवली आणि शिरवळ्या नारळाच्या गोड रसात वाढल्या. नागलीची मात्र भाकर, आंबील आणि पापड झाले.

यावरून आम्हांस असे वाटते की, आकारांची शब्दसंपदा ही केवळ कल्पकतेची साक्ष नसते. ती जमिनीची, धान्याची आणि सवडीचीही साक्ष असते. जेथे अशी नावे आढळत नाहीत तेथे खाद्यसंस्कृतीच नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होय. १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर हा प्रदेश बाहेरच्यांना प्रामुख्याने कुपोषणाच्या बातम्यांतून कळला. परंतु १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. म्हणजे उणीव येथील धान्याच्या गुणांत नव्हती. ते पोटभर मिळण्यात होती.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. आज शहरी दुकानांत नागलीच्या शेवया, अगदी पास्ताही मिळतो. तार धरावी म्हणून त्यात बहुधा गहू मिसळलेला असतो. नागलीला प्रतिष्ठा मिळाली ती अशी, गव्हाचा आकार घेऊन. आपल्या खाद्येतिहासात भाकरीला आणि आंबिलीला त्यांच्याच रूपात जागा मिळेल, तेव्हाच तो साऱ्या मराठी मुलखाचा इतिहास ठरेल.