पहिली रात्र कोणी शिकवली?

१७ मे २००९ रोजी मार्कस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने एक अर्धवट खेळ इंटरनेटवर लोकांसाठी खुला केला. गवताचे आणि दगडाचे ठोकळे होते. ते फोडायचे आणि पुन्हा रचायचे, एवढंच. नाव माइनक्राफ्ट. पेर्सन तेव्हा दुसरीकडे नोकरी करत होता आणि हे काम फावल्या वेळचं होतं. त्याच वर्षी झॅकरी बार्थ याचा इन्फिनिमायनर हा खेळ आला होता. ठोकळ्यांची कल्पना पेर्सनने तिथून उचलली आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. २०२३ साली या खेळाच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्याचं जाहीर झालं. एवढा विकला गेलेला दुसरा व्हिडिओ गेम नाही.

यशाच्या या कहाण्या पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. मला त्यातल्या एकाच गोष्टीचं कुतूहल आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं संगणकावरच्या या खेळात काहीही शिकवलेलं नव्हतं. मग करोडो लोक तो शिकले कसे?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेळ सुरू झाला की तुम्ही एका माळरानावर उभे असता. हात रिकामे. कुठे जायचं, काय करायचं, तेव्हा काही सूचना नसायची. खेळातला पूर्ण दिवस आपल्या घड्याळाच्या २० मिनिटांचा. त्यातली साधारण १० मिनिटं उजेड. मग सूर्य मावळतो आणि अंधारातून झोंबी, धनुष्यवाले सांगाडे, आणि जवळ येऊन स्फोट होणारे हिरवे क्रीपर निघतात. नवा माणूस पहिल्या रात्री मरतो. का मेलो हेही त्याला कळत नाही.

वाचायचं असेल तर उजेडाच्या त्या दहा मिनिटांत झाडाच्या खोडावर बुक्के मारायचे. हो, बुक्केच. खोडाचा एक ठोकळा मिळाला की त्याच्या चार फळ्या होतात. दोन फळ्या एकावर एक ठेवल्या की चार काठ्या. चार फळ्या चौकोनात ठेवल्या की काम करायचं टेबल. त्या टेबलावर तीन बाय तीनची नऊ घरं मिळतात. वरच्या ओळीत तीन फळ्या आणि मधल्या उभ्या रांगेत खाली दोन काठ्या ठेवल्या की कुदळ तयार. कोळसा आणि काठी जोडली की मशाली. जवळपास कोळसा नसेल तर आठ दगडांची भट्टी करून तिच्यात लाकूडच जाळायचं, म्हणजे लोणारी कोळसा मिळतो.

मी हे पाच-सहा वाक्यांत सांगितलं. आता हे कुणीच सांगितलेलं नाही असं समजा. कुदळीची मांडणी कुदळीसारखीच दिसते, त्यामुळे चाणाक्ष माणसाला ती एखाद्या वेळी सुचेलही. पण पुढे? वाहतं पाणी लाव्ह्याच्या उगमावर गेलं की काळा ऑब्सिडियन दगड होतो. तो तेव्हा फक्त हिऱ्याच्या कुदळीने निघायचा. त्याची चार रुंद, पाच उंच अशी चौकट उभारून चकमकीने पेटवली की दुसऱ्या दुनियेचं दार उघडतं. नेदर नावाची ही दुनिया ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस खेळात आली. तिथे जायचं कसं हे खेळाच्या आत कुठेही लिहिलेलं नव्हतं. नऊ घरांत वस्तू लावत बसून कुणी आपल्या बुद्धीने इथवर पोहोचला असेल, यावर माझा विश्वास नाही.

म्हणूनच एक वाक्य मला खटकतं. शिक्षणावर बोलणारे लोक ते फार प्रेमाने वापरतात: "बघा, या खेळात मुलं कुणी न शिकवता आपोआप शिकली!" आपोआप कुणी शिकलं नाही. खेळात ट्यूटोरियल नव्हतं, पण शिकवणारे होते. फक्त ते खेळाच्या बाहेर होते.

त्यांच्यात आधी विकी आली. खेळ खुला झाल्यावर दोनेक महिन्यांतच, जुलै २००९ मध्ये, खेळाडूंनी ती सुरू केली. जानेवारी २०१० मध्ये वस्तू बनवण्याची सोय खेळात आली, तसे मांडणीचे तक्ते तिथे जमू लागले. खेळ एका खिडकीत आणि विकी दुसऱ्या खिडकीत, ही त्या पिढीची सवयच झाली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारावं की विकीवाल्यांना तरी कुठून कळलं? काही गोष्टी पेर्सन स्वतःच्या ब्लॉगवर सांगायचा. काही लोकांनी प्रयोग करून शोधल्या. पण एक मोठा रस्ता वेगळाच होता. खेळ जावा भाषेत लिहिलेला होता आणि जावाचा तयार प्रोग्राम उलगडून त्यातला मजकूर बऱ्यापैकी वाचता येतो. ज्यांना ते जमत होतं त्यांनी खेळ उघडला, आतल्या याद्या वाचल्या आणि बाहेर आणून मांडल्या. म्हणजे ज्याला आपण खेळाडूंचा शोध म्हणतो, त्यातला काही भाग शोध नव्हताच. ते वाचन होतं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण ती मुलं जंगलात भटकून शिकली, ही कहाणी तेवढी खरी राहत नाही.

मग हे सगळं नुसतं अपूर्ण कामामुळे झालं का? बरंचसं, होय. एकटा माणूस दर आठवड्याला खेळात नवं काही घालत होता. आज लिहिलेली शिकवणी पुढच्या महिन्यात खोटी ठरली असती. तरीही सगळा दोष (किंवा सगळं श्रेय) घाईला देता येत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात पेर्सन काही शुक्रवारी खेळात गुपचूप भर घालायचा आणि काय घातलं ते सांगायचाच नाही. खेळाडूंनी ते हुडकायचं. न सांगण्यात मजा आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

न सांगण्याची एक दुसरी बाजूही होती. जिथे अधिकृत माहिती नसते तिथे अफवा माजते. त्याच वर्षी हेरोब्राइन नावाच्या, पांढऱ्या डोळ्यांच्या भुताची गोष्ट पसरली. ते खेळात कधीच नव्हतं. तरी पुढे कंपनी नव्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत गमतीने "हेरोब्राइनला काढून टाकलं" असं लिहीत राहिली. लहान मुलांना ती गंमत कळली नाही. काढलं, म्हणजे होतं तर!

विकी वाचायला इंग्रजी लागते आणि वाचायचा कंटाळाही नसावा लागतो. व्हिडिओला दोन्ही लागत नाही. २०१० मध्ये पॉल सोअर्स ज्युनियर या अमेरिकन गृहस्थाने पहिली रात्र कशी काढायची हे दाखवणारी व्हिडिओंची मालिका सुरू केली. समजूतदार बापाचा आवाज, घाई नाही, आधी झाड, मग टेबल, मग निवारा. हा खेळ शिकवणाऱ्यांत त्याचं नाव अग्रभागी घ्यावं लागेल. कंपनीने त्याला नेमलेलं नव्हतं. पुढे अशा शिकवणाऱ्यांचा मोठा धंदाच उभा राहिला आणि २०१३ पासून छापील अधिकृत मार्गदर्शकही आले. खेळात नसलेली शिकवणी वेगळी विकत मिळू लागली.

हे वाचून काहींना आपल्याकडच्या कारागिरीची आठवण येईल. मिरजेत शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावता लावता सतार आणि तंबोरा घडवायला घेतला. तिथली पोरंही पुस्तकातून शिकली नाहीत. पण तिथे समोर उस्ताद बसलेला असतो, हात चुकला की तो बघतो. माइनक्राफ्टच्या पहिल्या खेळाडूंपुढे कुणी उस्ताद नव्हता. काल ज्याला कळलं तो आज दुसऱ्याला सांगत होता, आणि दोघांच्या अनुभवात एका रात्रीचंच अंतर होतं.

खेळानेही हळूहळू तोंड उघडलं. एप्रिल २०११ मध्ये कामगिऱ्यांची एक साखळी आली. इन्व्हेंटरी उघडा, लाकूड मिळवा, टेबल करा, कुदळ करा. कशापासून करायचं ते ती सांगायची. नऊ घरांत कसं मांडायचं ते सांगायची नाही. अर्धं सांगून अर्धं राखलेलं! मे २०१२ मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी फोर-जे स्टुडिओजने केलेली आवृत्ती आली. तिच्यात शिकवणीसाठी वेगळं जगच होतं, आणि वस्तू यादीतून निवडली की बनायची. मोबाइलच्या आवृत्तीतही त्याच वर्षी यादी आली.

ही शेवटची गोष्ट आपल्या घरांसाठी महत्त्वाची आहे. आपल्याकडे पुष्कळ मुलांना हा खेळ भेटला तो थोरल्या भावाच्या किंवा अब्बांच्या अँड्रॉइड फोनवर. नऊ घरांचं ते कोडं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. त्यामुळे जुने खेळाडू "आमच्या वेळी सगळं स्वतः शोधावं लागायचं" म्हणतात, तेव्हा ते वयाबद्दल कमी आणि यंत्राबद्दल जास्त बोलत असतात. घरी संगणक होता, नेट होतं, इंग्रजी वाचता येत होतं. न शिकवता शिकण्याची चैन बहुतेक अशांनाच परवडली.

जून २०१७ मध्ये १.१२ या आवृत्तीत संगणकावरच्या मूळ खेळातही कृतींचं पुस्तक आलं. हाती नवीन वस्तू लागली की तिच्यापासून काय बनतं ते त्यात उमटतं. जुन्यांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर ते आठ वर्षं उशिरा आलं. सोबत एक नियमही ठेवला होता. तो चालू केला की जी कृती पुस्तकात उघडली आहे तेवढीच वस्तू बनवता येते. विकीवरून पाठ करून आलेल्याचा त्याने काही फायदा होत नाही.

ज्या ड्वार्फ फोर्ट्रेसवरूनही पेर्सनने प्रेरणा घेतली होती, त्याची गत आणखी अवघड. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा हा खेळ २००६ साली आला. पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि चिन्हं. तो शिकवण्यासाठी २०१२ मध्ये ओ'रायलीने एक अख्खं पुस्तक काढलं. हे प्रकाशक एरवी प्रोग्रामिंगची पुस्तकं काढतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. खेळाच्या आत शिकवणी आली ती डिसेंबर २०२२ मध्ये, स्टीमवर चित्रांसह आलेल्या आवृत्तीत. सोळा वर्षांनी.

आता २०१२ मधलीच आणखी एक गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटने माइनक्राफ्टच्या कंपनीबरोबर ब्लॉक बाय ब्लॉक हा उपक्रम सुरू केला. गरीब वस्तीतली सार्वजनिक जागा कशी असावी हे तिथल्याच लोकांनी खेळात बांधून दाखवायचं. नैरोबीच्या किबेरातलं मैदान त्यात होतं, नेपाळात कीर्तिपूरचं तळं होतं. यातल्या अनेकांनी संगणकाला पूर्वी हातही लावलेला नव्हता. तिथे त्यांना कुणी माळरानावर रिकाम्या हातांनी सोडलं नाही. रात्र नाही, क्रीपर नाहीत. एका संगणकाभोवती तीन-चार जण बसवले, त्यात म्हातारी माणसं आणि तरुण पोरं एकत्र. ठोकळा कसा ठेवायचा आणि कसा काढायचा हे आधी हातात माउस देऊन शिकवलं. मग झाडं कुठे, दिवे कुठे आणि बायकांना संध्याकाळी कुठल्या वाटेने जायला भीती वाटते यावर वाद सुरू झाले.